"कुठली शाळा चांगली?" आधी प्रश्न नीट विचारू या



दरवर्षी मे महिना संपत आला की एक प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. बाजारात भेटलेले पालक विचारतात, एसटीत शेजारी बसलेली एखादी ताई विचारते. यंदा भातसानगरच्या स्टॉपवर एका वडिलांनी विचारला. त्यांची मुलगी पहिलीत जायची होती. म्हणाले, "मॅडम, तुम्ही आतल्या माणूस. खरं काय ते सांगा. आमच्या पाड्यावरची शाळा बरी, का हायवेजवळची मोठी झेडपीची? का सरळ व्हॅन लावून इंग्लिश मीडियमला टाकू?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही. इतकी वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, केंद्रातल्या जवळपास सगळ्या शाळा पाहिल्या आहेत. तरी "ही चांगली, ती वाईट" असं बोट दाखवून सांगायला जीभ उचलेना. कारण त्या दोन्ही शाळांबद्दल मला जे माहीत होतं, ते इमारत, पट आणि शिक्षकसंख्या एवढंच. तिथल्या तिसरीतल्या मुलाला वाचता येतं का, हे मला ठाऊक नव्हतं. आणि त्या वडिलांना तेच हवं होतं.

शाळांची तुलना करूच नये, असं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. स्टाफरूममध्ये आपण पटकन म्हणून जातो, "प्रत्येक शाळेची परिस्थिती वेगळी असते हो." ते खरंच आहे. पण पालकाला आपलं एकुलतं एक लेकरू कुठे तरी घालायचंच असतं. तो तुलना करणारच. प्रश्न एवढाच, की ती कशावरून करायची आणि केल्यावर तिचं पुढे काय करायचं. त्याविषयी आज थोडं लिहिते.

आपण सध्या तुलना कशावरून करतो?

खरं सांगा, आपण शाळा बघायला जातो तेव्हा काय बघतो? भिंती रंगवलेल्या आहेत का, गेट आहे का, मुलांच्या गळ्यात टाय आहे का. शिष्यवृत्तीला किती मुलं लागली, याचा फ्लेक्स बाहेर लावलाय का. यात चूक काही नाही. स्वच्छ, देखणी शाळा सगळ्यांनाच आवडते आणि ती असायलाच हवी. पण रंग बघून शिकणं कळत नाही.

शासनाच्या पातळीवरही मोजमाप बरंच चालतं. दरवर्षी आपण युडायसमध्ये शाळेची माहिती भरतो: खोल्या किती, शौचालयं किती, पाणी आहे का, वीज आहे का. 'शाळासिद्धी'मध्ये स्वयंमूल्यमापन केलं. 'मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा' अभियानात गुण मोजले गेले. त्याच्या दुसऱ्या टप्प्यात एकूण १५० गुण होते आणि त्यातले ४३ शैक्षणिक संपादणुकीचे. बाकीचे पायाभूत सुविधा आणि शासनाच्या वेगवेगळ्या उपक्रमांची अंमलबजावणी यांचे. अभियानामुळे कितीतरी शाळांना नवा उत्साह आला, लोकसहभाग वाढला, हे मी स्वतः पाहिलंय. पण पालकांनी एवढं लक्षात ठेवावं, की अशा अभियानात नंबर आलेली शाळा आणि मुलं उत्तम वाचणारी शाळा या दोन वेगळ्या शाळा असू शकतात. एकच असली तर फारच छान.

मग जिल्ह्याचे आकडे येतात. डिसेंबर २०२४ मध्ये तिसरी, सहावी आणि नववीसाठी 'परख' राष्ट्रीय सर्वेक्षण झालं. त्यातून जिल्ह्याचं चित्र कळतं. पण आपला ठाणे जिल्हा म्हणजे काय, ते आठवा. एका टोकाला ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली अशी महापालिकांची शहरं आणि दुसऱ्या टोकाला शहापूर-मुरबाडचे डोंगरातले पाडे. ऑगस्ट २०१४ मध्ये पालघर वेगळा झाल्यावर ठाणे जिल्हा परिषदेकडे शहापूर, मुरबाड, भिवंडी, कल्याण आणि अंबरनाथ असे पाच तालुके राहिले. जिल्ह्याच्या सरासरीत डोळखांबकडच्या पाड्यावरचं मूल आणि ठाण्यातल्या टॉवरमधलं मूल एकत्र मिसळलेलं असतं. त्या सरासरीवरून माझी शाळा कशी आहे, हे कोणालाच कळणार नाही.

प्रथम संस्थेचं 'असर' सर्वेक्षण २००५ पासून होतंय. ते गावात घरोघरी जाऊन मुलांचं वाचन आणि गणित तपासतं. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट असे सोपे टप्पे. त्यावर आपण शिक्षक कधी चिडतो, कधी वाद घालतो. पण तेही शाळांना नंबर देत नाही. म्हणजे पालकाला जे हवंय, ते कुठल्याच मोठ्या अहवालात तयार मिळत नाही.

टक्केवारीची गंमत

आता शाळेच्या पातळीवर येऊ. सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे टक्केवारी. एक साधं उदाहरण घ्या.

समजा पाड्यावरच्या शाळेत पाचवीला ४ मुलं आहेत. चौघंही शिष्यवृत्तीला बसली आणि २ पात्र ठरली. निकाल ५० टक्के. पुढच्या वर्षी पुन्हा ४ मुलं, त्यातली एक परीक्षेच्या दिवशी आजारी पडली, एक पात्र ठरली. निकाल एकदम २५ टक्क्यांवर. शाळा एका वर्षात निम्मी बिघडली का? अजिबात नाही. ४ मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजेच २५ टक्के. ४० मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे फक्त अडीच टक्के. लहान शाळेचा आकडा पाळण्यासारखा झुलतो. तो एका वर्षाचा बघून शाळेची पारख करायची नसते, किमान तीन-चार वर्षांचा एकत्र बघायचा असतो.

दुसरी गंमत अशी. एका शाळेत पाचवीला ३० मुलं. त्यातली हुशार ५ निवडून परीक्षेला बसवली, ४ पात्र ठरली. फ्लेक्सवर लिहिलं, निकाल ८० टक्के. दुसऱ्या शाळेत ६ मुलं, सहाही बसवली, ३ पात्र ठरली. निकाल ५० टक्के. आता सांगा, कोणत्या शाळेनं जास्त मुलांपर्यंत काम पोचवलं? पहिलीत ३० पैकी ४, दुसरीत ६ पैकी ३. म्हणून फ्लेक्स वाचताना पालकांनी एकच विचारायचं: "वर्गात एकूण मुलं किती होती आणि बसली किती?" हा प्रश्न मी आम्हा शिक्षकांनाही विचारते, कारण आपल्याच सत्काराच्या फोटोंत तो आपण विसरतो.

एकाच तालुक्यातल्या दोन शाळा

शहापूर तालुका बघा. मुंबई-नाशिक महामार्ग आणि रेल्वे तालुक्याच्या मधून जाते: वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा. स्टेशनजवळच्या शाळेत शिक्षकाला लोकलने येता येतं, पालक नोकरीवर जातात, घरात वर्तमानपत्र नसलं तरी मोबाईलवर वाचणारं कोणीतरी असतं. तिथून आत वीस-पंचवीस किलोमीटर गेलात की पाडे लागतात. पावसाळ्यात ओहोळाला पाणी आलं की अर्धा वर्ग पलीकडेच राहतो. मुरबाडला तर रेल्वेच नाही; टोकावडे, माळशेजकडच्या वाड्यांना एसटी हाच आधार. बदल्यांच्या धोरणात 'अवघड क्षेत्र' आणि 'सर्वसाधारण क्षेत्र' अशी वर्गवारी शासनानेच केली आहे. म्हणजे शाळा सारख्या परिस्थितीत नाहीत, हे शासनालाही मान्य आहे. फक्त निकालाची तुलना करताना आपण सगळे ते विसरतो.

आणि आपल्या भागाचं हे वागणं जुनंच आहे. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांत सर्वांत मोठा साठा भातसाचा. पण धरणाच्या तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. पाणी जवळ असणं आणि पाणी घरात असणं यात फरक आहे. शाळेचंही तसंच. शाळा पाड्यावर असणं आणि शिक्षण मुलात उतरणं, यात पुष्कळ अंतर असतं.

आता हिशेब मांडू. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्यातल्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी ६० पर्यंत पटाला २ शिक्षक, १२१ ते २०० पटाला ५ शिक्षक. वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं व्हायला हवं. मोठ्या शाळेत पाच इयत्तांना पाच शिक्षक, म्हणजे प्रत्येक इयत्तेला पूर्ण ८०० तास आपला शिक्षक. लहान शाळेत दोघांचे मिळून १६०० तास, ते पाच इयत्तांत वाटले तर प्रत्येकी ३२०. त्यातला एक शिक्षक प्रशिक्षणाला किंवा निवडणुकीच्या कामाला गेला, की त्या दिवशी पाचही इयत्ता एकाच्या गळ्यात. बहुवर्ग अध्यापन ज्यांनी केलंय त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. पालकांनी मात्र हा आकडा जरूर लक्षात ठेवावा: ८०० आणि ३२०.

दुसरा हिशेब तारखेचा. पट मोजला जातो ३० सप्टेंबरचा. संचमान्यता त्यावर, शिक्षकांची पदं त्यावर. आपल्याकडे कातकरी आणि इतर मजूर कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, ती उन्हाळा सरतानाच परततात. सप्टेंबरला हजेरीपटावर असलेलं मूल जानेवारीत भिवंडीच्या किंवा कल्याणच्या बाजूला एखाद्या भट्टीवर विटा उलटत असतं. वार्षिक निकाल मात्र त्याच्या नावासकट लागतो. उलट बाजूही आहे: जन्मदाखला नाही म्हणून आधार नाही, आधार नाही म्हणून ते मूल वर्गात बसलेलं असूनही संचमान्यतेत दिसत नाही. शिकवायला आहे, मोजायला नाही.

याच कारणाने पुष्कळ पालक मुलाला आश्रमशाळेत टाकतात. शहापूरला आदिवासी विकास विभागाचं प्रकल्प कार्यालय आहे, परिसरात आश्रमशाळा आहेत. निवासी शाळेत मूल भट्टीच्या हंगामातही टिकतं. मग पाड्यावरची दिवसाची शाळा आणि आश्रमशाळा यांची उपस्थिती शेजारी-शेजारी ठेवून "बघा, तिकडे मुलं येतात" असं म्हणणं न्यायाचं होईल का?

तिसरी गोष्ट भाषेची. कातकरी, वारली, ठाकर घरातलं मूल पहिलीत येतं, तेव्हा पुस्तकातली मराठी त्याला अर्धीच कळते. हायवेजवळच्या शाळेतलं मूल जून महिन्यात अक्षरं गिरवायला लागतं. पाड्यावरचं मूल तेव्हा बाईंचं बोलणं समजून घेत असतं, आणि जुलैत भाताची आवणी सुरू झाली की धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी राहतं. दोघांची शर्यत एका रेषेवरून सुरूच झालेली नाही.

पण सबब म्हणून नको

इथपर्यंत वाचून माझे शिक्षक मित्र खूश झाले असतील. थांबा. आता आपल्या बाजूचं बोलते.

परिस्थिती वेगळी आहे हे सांगून आपण सुटत नाही. काही वर्षांपूर्वीची माझ्याच वर्गातली गोष्ट. चौथीतला एक मुलगा. हजेरी बरी, स्वभाव शांत, वह्या पूर्ण. मी त्याला ब-२ श्रेणी दिली होती. त्याची आई शाळा व्यवस्थापन समितीवर होती. एका बैठकीला ती बँकेचं पत्र घेऊन आली आणि सगळ्यांसमोर लेकाला म्हणाली, "वाच रे काय लिवलंय." त्याला वाचता येईना. जोडाक्षर आलं की अडायचा, मग गप्प. आईने माझ्याकडे बघितलं. काही बोलली नाही. मी तिला आवणी सांगू? बहुवर्ग सांगू? मूल चार वर्षं माझ्यासमोर बसलं होतं आणि त्याला वाचता येत नाही, हे माझ्या प्रगतिपुस्तकात कुठेच दिसत नव्हतं.

त्यानंतर मी एक केलं. आमच्याच केंद्रातल्या, आमच्याएवढ्याच पटाच्या, दोनच शिक्षक असलेल्या, तशाच वस्तीतल्या शाळेत जाऊन एक दिवस बसले. तिथली चौथीची मुलं वाचत होती. सगळी अगदी सफाईने नाही, पण अडखळत का होईना न पाहिलेला उतारा वाचत होती. पाऊस तोच, भट्टी तीच, पगार तोच. मग फरक कशाने?

तिथल्या बाई तीन गोष्टी करत होत्या. सकाळचा पहिला तास इयत्ता बाजूला ठेवून वाचनाच्या पातळीप्रमाणे गट. अक्षराचा एक, शब्दाचा एक, गोष्टीचा एक. चौथीतलं मूल शब्दाच्या गटात बसलं तरी त्याला कोणी हसत नव्हतं, कारण गट दर पंधरवड्याला बदलायचे. दुसरं म्हणजे पहिलीच्या मुलांशी त्यांच्या घरच्या बोलीत बोलायला तिसरी-चौथीतली एक-दोन मुलं सोबत बसवलेली. बाईंना बोली पूर्ण येत नव्हती, पण त्यांना ते सांगायला कमीपणा वाटत नव्हता. आणि तिसरं म्हणजे दिवाळीच्या सुट्टीआधी त्यांच्याकडे यादी तयार: कोणतं कुटुंब, कोणत्या मुकादमाबरोबर, कुठल्या भट्टीवर जाणार. त्या मुलांना शिक्षण हमी कार्ड आणि भट्टीजवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना फोन. शक्य असेल तर आजीजवळ मूल ठेवून घ्यायचा आग्रह.

यातलं काहीही मला नवीन नव्हतं. प्रशिक्षणात सगळं ऐकलेलं होतं. पण माझ्यासारख्याच शाळेत ते चाललेलं डोळ्यांनी बघितलं, तेव्हा माझ्या सबबी संपल्या. परत येऊन मीही पहिला तास तसा सुरू केला. सगळी मुलं वर्षभरात वाचायला लागली असं म्हणणार नाही. पण मी कोण अडलंय हे नावानिशी सांगू शकत होते आणि बहुतेक मुलं पुढच्या गटात सरकली.

म्हणून माझं म्हणणं असं: तुलना करा, पण सारख्याची सारख्याशी. पाड्यावरच्या शाळेची हायवेजवळच्या शाळेशी तुलना केली तर एक जण उगाच मिरवतो आणि दुसरा उगाच खचतो, शिकत कोणीच नाही. त्याच पटाच्या, त्याच वस्तीच्या, तेवढ्याच शिक्षकांच्या दोन शाळा शेजारी ठेवल्या, की जो फरक उरतो तो आपल्या कामाचा असतो. तोच बघण्यासारखा आणि उचलण्यासारखा.

आणि मोठ्या शाळांनाही हे लागू आहे. पाच वर्गांना पाच शिक्षक, रस्ता, पाणी, शिकलेले पालक असताना तिसरीतली दहा मुलं वाचत नसतील, तर ते रंगीत भिंतीमागे लपून चालणार नाही.

पालकांनी काय विचारावं?

पालकांनो, शाळा निवडण्याआधी एक दिवस तिथे जा. शाळा तुमची आहे, परवानगीची भीती नको. मुख्याध्यापकांना सांगून शांतपणे वर्गात बसा. आणि हे विचारा:

१. तिसरी-चौथीतलं कोणतंही मूल, म्हणजे शिक्षकांनी पुढे केलेलं नाही तर तुम्ही निवडलेलं, न पाहिलेली छोटी गोष्ट वाचतं का? पाठ्यपुस्तकातला धडा नको. तो पाठ असतो.

२. पटावर किती आणि आज हजर किती? शक्य असेल तर हाच प्रश्न जानेवारीत पुन्हा विचारा.

३. शिक्षक किती आणि किती इयत्ता एकत्र बसतात? एखादं पद रिकामं आहे का, आणि कधीपासून?

४. मागे राहिलेल्या मुलासाठी काय करता? "जादा तास घेतो" हे उत्तर पुरेसं नाही. कोणतं मूल, कुठे अडलंय, हे शिक्षकाला नावानिशी सांगता येतं का ते बघा. येत असेल तर ती शाळा जिवंत आहे.

५. मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी आहे का? रंग नंतर, पाणी आधी.

६. शाळा व्यवस्थापन समितीची शेवटची बैठक कधी झाली, काय ठरलं? कायद्याने या समितीत ७५ टक्के पालक असतात आणि निम्म्या महिला. ती कागदावर आहे का खरी, ते तिथल्या एखाद्या आईला विचारलं की कळतं.

हेच सहा प्रश्न व्हॅनवाल्या इंग्रजी शाळेतही विचारा. तिथे टाय बघून परत येऊ नका. मूल इंग्रजीतली गोष्ट वाचून ती आपल्या शब्दांत सांगतं का, ते बघा. घोकलेली कविता म्हणणं वेगळं आणि समजून वाचणं वेगळं.

तुलना करून पुढे काय?

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुलनेत मागे पडलेल्या शाळेचं आपण काय करतो?

सध्या काय होतं बघा. पाड्यावरची शाळा "बरी नाही" अशी कुजबुज होते. ज्यांना व्हॅन परवडते ते मुलं काढतात. पट घसरतो. पट घसरला की पद जातं. शिक्षक कमी झाला की शिकवणं आणखी पातळ होतं. मग आणखी दोघं-तिघं मुलं काढतात. शेवटी उरतात ती ज्यांच्याकडे व्हॅनचे पैसे नाहीत आणि दाद मागायला आवाज नाही, त्यांची लेकरं. आणि मग कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायची चर्चा होते. राज्यात ती २०२३ मध्ये झालीच होती. मोठ्या शाळेचे फायदे मीही वर मोजून दाखवले आहेत, ८०० आणि ३२० तासांच्या हिशेबात. पण सहा वर्षांचं मूल पावसात ओहोळ ओलांडून रोज तिथे कसं जाणार, बस खरोखर येणार का आणि ती बंद पडली त्या दिवशी कोण नेणार, याचं उत्तर आधी हवं. पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत, असं राज्याचे नियम सांगतात, ते उगाच नाही.

आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आधी बोर्डीला आणि मग कोसबाडला काम केलं. गुरं चारायला गेलेली मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यायची, म्हणून कुरणशाळा काढल्या. पुढे विधायक संसदेने वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा चालवल्या. या माणसांनी मूल शाळेच्या मापात बसतं का, असं विचारलं नाही. शाळा मुलापर्यंत पोचते का, असं विचारलं. आपली तुलनाही त्याच प्रश्नापासून सुरू व्हावी.

साताऱ्याचं कुमठे बीट तुम्हाला आठवत असेल. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने काम केलं आणि राज्यभरातून शिक्षक बघायला जायला लागले. मला त्यातलं सगळ्यात काय आवडलं असेल, तर नाव एका शाळेचं झालं नाही, बीटाचं झालं. एक शाळा चमकली की आजूबाजूच्या शाळांचे पट कमी होतात. बीट चमकलं की कोणालाच मूल हलवावं लागत नाही.

आणि मुरबाड तालुक्यातलं फांगणे गाव. तिथल्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी नऊवारी नेसून, पाटी-दप्तर घेऊन आज्या शाळेत जाऊ लागल्या. जगभर त्याचे फोटो गेले. मला त्यातली दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. ज्या घरात आजी पाटी घेऊन बसते, त्या घरात नातवाचा अभ्यास किती बदलत असेल! गाव आणि शाळा यांचं नातं असं घट्ट झालं, की ते मोजायला कुठल्याही तपासणी तक्त्यात रकाना नसतो. पण पालकाने शाळा बघताना तेही बघावं. गाव आपल्या शाळेबद्दल बोलताना "त्यांची शाळा" म्हणतं का "आमची शाळा", एवढं कान देऊन ऐकलं तरी पुरे.

शिक्षकांना एक विनंती. पुढच्या व्यवस्थापन समितीच्या बैठकीत अर्धा तास काढा आणि मुलांना पालकांसमोर वाचायला सांगा. निवडलेली नाही, सगळी. जे मूल वाचतं त्याचं कौतुक होईल. जे अडतं त्याच्याबद्दल आपण लपवणार नाही, आणि त्याच्यासाठी पुढच्या तीन महिन्यांत काय करणार ते पालकांना सांगू. मूल लाजणार नाही अशी काळजी घ्यायची, हे वेगळं सांगायला नको. हवं तर एक-एक मूल आईजवळ बसून वाचेल. मला त्या बँकेच्या पत्राआधी हे सुचलं असतं, तर ती आई तशी गप्प बसली नसती. केंद्रप्रमुखांनीही शिक्षण परिषदेत एकदा सारख्या शाळांच्या जोड्या लावून द्याव्यात. त्यांनी एकमेकींकडे एक-एक दिवस जाऊन बसावं. अहवाल नको, फोटो नको, लिंक नको. फक्त बसावं आणि बघावं.

आता त्या वडिलांचं सांगते. मी त्यांना एवढंच म्हटलं, की दोन्ही शाळांत एक-एक सकाळ जाऊन बसा, चौथीतल्या मुलाला वाचायला सांगा आणि मग मला फोन करा. आठवड्याने फोन आला. "मॅडम, आमच्या पाड्याच्या शाळेतली चौथीची पोरगी धडाधड वाचते हो. पण बाई एकट्याच आहेत. दुसऱ्या सरांची बदली झाली, त्यांच्या जागी कोणी आलंच नाही. काय करू?"

हा प्रश्न मला आवडला. आधी त्यांना कुठली शाळा चांगली ते हवं होतं. आता चांगली शाळा त्यांना सापडली होती आणि ती टिकवायची कशी, हे ते विचारत होते. मी त्यांना व्यवस्थापन समितीचा ठराव कसा करायचा ते सांगितलं. पाच-सहा पालक मिळून तो घेऊन पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांना भेटून आले. हे लिहीपर्यंत तरी दुसरा शिक्षक मिळालेला नाही.

मुलीचं नाव त्यांनी पाड्यावरच्या शाळेत घातलं. म्हणाले, "एक वर्ष बघतो मॅडम. नाहीच कोणी आलं, तर व्हॅन आहेच."

त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. एक वर्ष त्यांनी आपल्याला दिलंय. तुमच्या आसपासच्या प्रत्येक पाड्यावर असे एक-दोन पालक असतील, ज्यांनी अजून मूल काढलेलं नाही. त्यांच्या विश्वासाचं वर्ष फुकट जाऊ द्यायचं का, हे शिक्षक म्हणून आपण, पालक म्हणून तुम्ही आणि रिकाम्या पदाची फाईल ज्यांच्या टेबलावर आहे त्यांनी ठरवायचं आहे.

तुमच्या केंद्रात सारख्या पटाच्या दोन शाळा असतील, तर या महिन्यात एकदा दुसरीकडे जाऊन बसाच. काय बघितलंत ते नक्की कळवा.